इमर्जन्सी नर्सिंगमध्ये पुढचं शिक्षण: एम.एस्सी., डिप्लोमा की रेसिडेन्सी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरलाच बी.एस्सी. नर्सिंग झालं, तीन वर्षं एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आहेस, काम मनापासून आवडतं, आणि आता ट्रॉमा-इमर्जन्सीमध्येच पोस्ट ग्रॅज्युएशन करायचंय. कॉलेज कुठलं घेऊ, इथे की परदेशी, आणि तोवर नॉर्सेटचा (एम्समधल्या नर्सिंग ऑफिसर भरतीच्या सामाईक परीक्षेचा) फॉर्म भरू का? शेवटी जाता जाता लिहिलंस की आई-बाबा म्हणतात, एम.एस्सी. केलंस की कॉलेजात शिकवशील, रात्रपाळी सुटेल.

मला विचारशील तर खरा प्रश्न त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. तुला कॅज्युअल्टीत राहायचंय, घरच्यांना तू तिथून बाहेर पडायला हवी आहेस, आणि दोघांनीही त्यासाठी एकाच पदवीचं नाव घेतलंय. दोघांचंही समाधान करणारी ती पदवी नाही. आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या बहुतेक जणी दोनचार वर्षांत ट्यूटर, लेक्चरर किंवा सुपरवायझर होतात. त्यात वाईट काही नाही. मी स्वतः बरीच वर्षं कॅज्युअल्टीत, पुढे इन्चार्ज म्हणून काढली आणि आता विद्यार्थिनींना शिकवते. पण पेशंटजवळच राहायचं असेल तर रस्ता दुसरा आहे, आणि हे आत्ता ठरवलं नाहीस तर कॉलेज तुझ्यासाठी ठरवून टाकेल.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'ट्रॉमा आणि इमर्जन्सी नर्सिंग' असा वेगळा एम.एस्सी. विषय इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात नाही. एम.एस्सी.ला मेडिकल-सर्जिकल घेतेस आणि त्यात क्रिटिकल केअर, न्यूरो, कार्डिओथोरॅसिक, ऑर्थोपेडिक असा उपविषय निवडतेस. तुझ्या कामाला सगळ्यात जवळचा क्रिटिकल केअर, त्याखालोखाल न्यूरो, कारण आपल्याकडच्या अपघातांत डोक्याला मार हा असतोच. मग 'एम.एस्सी. इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर टेक्नॉलॉजी' अशा जाहिराती दिसतात त्या कसल्या? तो नर्सिंगचा कोर्स नाही. तो अलाइड हेल्थचा आहे, त्याचा कायदा वेगळा (२०२१ चा), नोंदणी वेगळी. तो करून तुझ्या नर्सिंगच्या बढतीत काडीचा फरक पडणार नाही. प्रवेश घेऊन फी भरल्यावर हे कळलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत, म्हणून ठासून सांगते. फोनवर गोड बोलणाऱ्या समुपदेशकाला एकच प्रश्न विचार: या पदवीवर नर्सिंग कौन्सिल माझी जादा पात्रता नोंदवेल का? तो विषय बदलेल.

आता खरोखर उघडी असलेली दारं तीन.

पहिलं, दोन वर्षांचं एम.एस्सी. बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के आणि त्यानंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. अनुभवाची तुला अडचण नाही. त्याचे पेपर मात्र नीट बघ. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, आणि तुझ्या विषयाचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंट, विषयाचा दुसरा भाग आणि प्रबंध. म्हणजे नुसती नावं मोजलीस तर निम्म्याहून जास्त विषय शिकवण्याचे, संशोधनाचे आणि कारभाराचे. तुझे आई-बाबा म्हणतात ते या हिशेबाने अगदी बरोबर आहे. ही पदवी घडवते तेच.

दुसरं, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा. नाव डिप्लोमा असल्यामुळे आपल्याकडे लोक नाक मुरडतात, 'बी.एस्सी. झाल्यावर डिप्लोमा?' असं मावश्या-काकवा विचारतात. पण नर्सिंग कौन्सिलच्या चौकटीत कॅज्युअल्टीसाठीच आखलेला असा हा कोर्स आहे. रजिस्टर्ड नर्स आणि वर्षभराचा अनुभव एवढं पुरतं. बहुतेक वेळ वॉर्डात जातो. अडचण एवढीच की तो सगळीकडे चालत नाही, आणि चालतो तिथेही कधी कधी एक वर्ष फुकट राबणारे हात मिळावेत म्हणून चालवतात.

तिसरं, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांची पोस्ट ग्रॅज्युएट रेसिडेन्सी. यात वर्ग साधारण वीस टक्के आणि पेशंटजवळचं काम ऐंशी टक्के. पेपर बघ: अॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी, हेल्थ असेसमेंट. एम.एस्सी.शी तुलना केलीस की फरक आपोआप दिसेल. दुखरी बाजूही सांगते. कोर्स आला, पण त्या नावाची पदं सरकारी आस्थापनेत फारशी आली नाहीत. औषधं ठरवण्याचा अधिकार रुग्णालयाच्या प्रोटोकॉलच्या चौकटीत राहतो. म्हणजे शिकशील पुष्कळ, पण पाटीवर ते दिसेलच असं नाही.

माझं मत विचारलंस तर, बाहेरगावी दोन वर्षं राहणं जमत असेल आणि स्टायपेंड मिळत असेल तर तिसरं. घर चालवायची जबाबदारी तुझ्यावर असेल, किंवा नोकरी सोडून वर्षाहून जास्त थांबता येत नसेल, तर दुसरं. आणि प्रामाणिकपणे वाटत असेल की चाळिशीनंतर रात्रीच्या ड्यूट्या नकोत, शिकवायचंय, तर पहिलं, आणि मग त्यात कमीपणा मानू नकोस. कर्ज काढून खासगी एम.एस्सी. करणं मात्र मला कुठल्याच परिस्थितीत पटत नाही. त्या पदवीने पगारात होणारी वाढ कर्जाच्या हप्त्याला पुरेल असं मी फार क्वचित पाहिलंय.

तरीही पदवी का घ्यायची, तीन वर्षं काम येतंच आहे की, असं तू विचारशील. उदाहरण देते.

मोटरसायकलवरून पडलेला पंचविशीतला मुलगा. बीपी ११०/८४, पल्स १२४, हात गार, सारखा उठून बसतोय, ऑक्सिजनचा मास्क ओढतोय. नवखी सिस्टर लिहिते, 'बीपी नॉर्मल, पेशंट सहकार्य करत नाही.' वॉर्डबॉय म्हणतो, प्यायलाय. हा मुलगा शॉकमध्ये आहे, म्हणजे आत रक्त जातंय आणि शरीराला पुरवठा कमी पडतोय. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा आकडा धरून ठेवतं. सत्तर किलोच्या माणसात साधारण दीड लिटर, म्हणजे एकूण रक्ताच्या तीसेक टक्के जाईपर्यंत तो आकडा नीट खाली येत नाही. त्याआधी पल्स वाढतो, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर कमी होतं (इथे फक्त २६), त्वचा गार पडते आणि माणूस बेचैन होतो. पल्सला वरच्या बीपीने भाग, उत्तर एकाच्या वर जातं, म्हणजे धोका. हे गणित मॉनिटरजवळ उभ्या उभ्या करता येतं, आणि करणारी सिस्टर डॉक्टरला 'सर, जरा बघा ना' म्हणत नाही. ती सांगते, 'पल्स १२४, अंतर २६, हात गार, मोठ्या दोन लाइन टाकल्या, सॅम्पल ब्लड बँकेत गेलंय.' तेच पेशंटचं आयुष्य असतं.

दुसरं बघ, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड. रक्तस्राव कमी करणारं हे औषध बहुतेक कॅज्युअल्ट्यांत असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या वीस हजारांहून जास्त जखमींवरच्या चाचणीने दाखवलं की रक्तस्राव होत असलेल्या जखमीला ते लवकर दिलं तर मृत्यू कमी होतात: दहा मिनिटांत एक ग्रॅम, मग आठ तासांत एक ग्रॅम. पण अपघातानंतर तीन तास उलटून गेल्यावर दिलं तर फायदा नाही, उलट रक्तस्रावाने मृत्यू वाढल्याचं त्याच माहितीत दिसलं. आता आपल्याकडचं वास्तव बघ. झाबुआ, अलीराजपूर, बडवानीहून पेशंट आधी तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग 'इंदूर ले जाओ' करत येतो. आपण रजिस्टरमध्ये लिहितो ती त्याच्या आगमनाची वेळ. अपघाताची वेळ कोण विचारतं? नातेवाईक 'दोपहर को' म्हणतात आणि आपण पुढे जातो. शिकलेली सिस्टर तिथे अडून बसते: दुपारी म्हणजे शाळा सुटण्याआधी की नंतर, १०८ ला फोन कोणी केला, त्याच्या मोबाइलवर वेळ दाखवा. औषध द्यायचं की नाही हे त्या एका नोंदीवर ठरतं, आणि ती नोंद डॉक्टर करत नाही.

तिसरी गोष्ट थंडीची. जखम बघायला कपडे कापून काढतो, वर एसी, शिरेत गार सलाईन, ब्लड बँकेच्या फ्रिजमधलं रक्त. शरीराचं तापमान उतरलं की रक्त गोठवणारी यंत्रणा मंदावते. त्यात रक्तात आम्ल वाढलेलं असतं, आणि तिन्ही मिळून रक्तस्राव थांबेनासा होतो. रक्ताच्या पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून पिशव्यांवर पिशव्या लागल्या की 'कॅल्शियम देऊ या का?' हे विचारायला हवं. पांघरूण घालणं आणि सलाईन कोमट करणं ही आयाबाईची कामं नाहीत, उपचार आहेत. हे 'का' समजण्यासाठी पुढचं शिक्षण. टाके, कॅथेटर, सक्शन तुला आत्ताच माझ्याइतकं येत असेल.

आता कॉलेजकडे वळू. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची जी अवस्था झाली ती तुला माहीत आहे: कागदावर खाटा, कागदावर शिक्षक, आणि शेवटी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयला कॉलेजं तपासावी लागली. तेव्हा इमारत, युनिफॉर्म, बस यांच्याकडे बघूच नकोस. त्या वर्षीची मान्यता आहे का, विषयनिहाय किती जागांना, हे राज्याच्या कौन्सिलच्या यादीत स्वतः बघ. २०२३ च्या कायद्याने केंद्रीय कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे, म्हणून जुन्या सीनियरच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचंच परिपत्रक वाच. सरकारी जागांसाठी इथे कर्मचारी चयन मंडळाची परीक्षा असते. महाराष्ट्रात नागपूर-पुण्याला जायचा विचार असेल तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी आधी लागेल का ते विचारून घे. 'आपली भाषा' म्हणून तिकडे ओढा असतो हे मी समजू शकते, पण कॅज्युअल्टीत पेशंट भिली, निमाडी किंवा माळवी बोलणारा असेल तर तिथे तुझं इंदूरपण जास्त उपयोगी.

आणि एक काम नक्की कर. ज्या रुग्णालयाशी कॉलेज जोडलेलं आहे तिथे रात्री दहानंतर पेशंटच्या नातेवाइकासारखी जाऊन बस. दारात ट्रायाज करायला, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवायला, कोण उभं आहे? लाल-पिवळा-हिरवा असं काही आहे का, की जो जोरात ओरडेल तो आधी? पेशंट आला की सिस्टर डॉक्टरची वाट बघते की हालचाल सुरू करते? एम.एस्सी. किंवा डिप्लोमाची एक तरी मुलगी त्या वेळी तिथे आहे का? विद्यार्थिनी फक्त सकाळी आठ ते दोन फाइली लिहायला येत असतील तर त्या कॉलेजची क्लिनिकलची पानं कितीही भरलेली असोत, तिथे तुझी दोन वर्षं फुकट जातील. इंदूरात शिकायला केसेसची वानवा नाही. आग्रा-मुंबई रस्ता, राऊ-खलघाट पट्ट्यातला गणपती घाट, खंडवा रोडवरचा भेरूघाट. पीथमपूरच्या कारखान्यांतून यंत्रात सापडलेले हात. संक्रांतीला मांज्याने चिरलेले गळे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याच्या हिंगोट युद्धात, म्हणजे एकमेकांवर पेटते हिंगोट फेकण्याच्या खेळात, भाजलेले. आणि गव्हाच्या कोठीत ठेवायची सल्फासची गोळी, जिच्यावर उतारा नाही आणि जिचा वायू पेशंटच्या उलटीतून सांभाळणाऱ्यालाही बाधतो. एम.वाय.सारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हे सगळं एका छताखाली येतं. ज्याला शिकायचंय त्याला गर्दी हवी असते. ज्याला शिकवणारा हवा आहे त्याला त्या गर्दीत थांबायला वेळ असलेला माणूस हवा असतो. दोन्ही एका ठिकाणी क्वचित मिळतात, तेव्हा शिकवणारा निवड. गर्दी तू बघितली आहेस.

प्रबंधाबद्दल माझं थोडं चिडकं मत ऐकून घे. आपल्या कॉलेजांत दर वर्षी 'अमुक विषयावरील संरचित अध्यापन कार्यक्रमाचा परिचारिकांच्या ज्ञानावर होणारा परिणाम' याच साच्याचे प्रबंध निघतात. आधी परीक्षा, मग तास, मग तीच परीक्षा, आणि ज्ञान वाढलं असा निष्कर्ष. वाढणारच! तू असं करू नकोस. तुझ्याच कॅज्युअल्टीतला एखादा प्रश्न घे: दारातून आत आल्यापासून ट्रायाज होईपर्यंत किती वेळ जातो, एकाच पेशंटचा ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी सांगणारा आकडा) दोन सिस्टर सारखाच लिहितात का, किती जखमींच्या कागदावर अपघाताची वेळ आहे. उज्जैनला २०२८ चा सिंहस्थ आहे, आणि तिथून मोठी दुर्घटना झाली तर गंभीर जखमी इंदूरलाच येणार. त्यासाठी परिचारिकांची तयारी कुठवर आहे हा विषय तर तुझ्यासमोर वाढून ठेवलाय.

परदेशाचं लवकर आटपते. ब्रिटनमध्ये इमर्जन्सी नर्सिंगची वेगळी मास्टर्स आहे हे खरं. पण तिथल्या कौन्सिलची नोंदणी नसेल तर नुसत्या मास्टर्सच्या विद्यार्थिनीला पेशंटला हात लावता येत नाही. आधी इंग्रजी (आयईएलटीएसला एकूण ७, लेखनात ६.५ चालतात, किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजी परीक्षा), मग कम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथे जाऊन ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि नोकरी लागली की तेच रुग्णालय पुढच्या शिक्षणाला मदत करतं का ते बघायचं. हा क्रम उलटा करून लाखो रुपये फी भरणाऱ्यांची मला काळजी वाटते.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत, ते रिकामे घालवू नकोस. बीएलएस आणि एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला वाचवण्याचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स, करून घे. त्यांची मुदत दोन वर्षांची, म्हणजे कोर्स सुरू होताना चालू राहतील असं बघ. त्यानंतर एटीसीएन, जखमींच्या सेवेचा परिचारिकांसाठीचा कोर्स; तो डॉक्टरांच्या एटीएलएसबरोबर होतो, दिल्लीच्या एम्सच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा सेंटरमध्ये चालतो. तुमच्या रुग्णालयाने पैसे द्यावेत म्हणून अर्ज कर. नाही म्हणाले तरी अर्ज दिल्याची पोच ठेव. मुलाखतीत दाखवायला बरी पडते. नोंदणीचं नूतनीकरण आणि एनयूआयडी (नर्सचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) हेही आत्ताच तपास. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात भोपाळच्या खेपा नकोत.

घरच्यांशी बोलताना 'मला आवडतं' एवढ्यावर थांबू नकोस. रात्रपाळीची भीती खरी असते, आणि कॅज्युअल्टीत नातेवाइकांची हातघाई होते तीही खरी. रुग्णालयात सुरक्षारक्षक किती, परत यायला गाडी आहे का, हे त्यांना सांग, शक्य असेल तर एकदा दाखव. लग्नाचं काय, हा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही, पण स्थळ बघताना 'ही रात्री ड्यूटीवर जाते' हे पहिल्याच भेटीत सांगायला लाव.

राहिला नॉर्सेट. भर, नक्की भर. त्याला बी.एस्सी. पुरते, एम.एस्सी.ची गरज नाही. मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं, जे एम.एस्सी. झालेल्या कित्येक लेक्चरर मुलींना खासगी कॉलेजात मिळत नाही. मात्र एम्समध्ये लागलीस तरी कॅज्युअल्टीच मिळेल असं धरून चालू नकोस, आणि शहरही आपल्या गुणांनुसार मिळतं. निवड झाली आणि रेसिडेन्सीचाही प्रवेश त्याच महिन्यात मिळाला, तर नोकरी घे आणि कायम झाल्यावर अभ्यास रजेचे नियम बघ. निवड झाली नाही तर त्या परीक्षेसाठी वाचलेलं प्रवेश परीक्षेला उपयोगी पडतंच. तुझे बी.एस्सी.चे टक्के किती, आणि इंदूर सोडून दोन वर्षं राहता येईल का, हे कळव. मग कुठल्या रुग्णालयांच्या दारात रात्री जाऊन बसायचं ते नेमकं बोलू.